पत्रात नसलेला खोकला

माझ्या धाकट्या भावाला बाळदमा होता. आमच्या भांडुपच्या चाळीत हे सगळ्यांना माहीत होतं, कारण त्याची धाप पत्र्याच्या भिंतीतून पलीकडच्या खोलीत ऐकू जायची. टेकडीच्या उतारावर चाळ, खाली नळ, त्यापलीकडे कारखाने. वाऱ्याची दिशा बदलली की कुठल्या कारखान्यात काय बनतंय ते नाकाला कळायचं, आणि भावाच्या छातीला नाकाच्याही आधी. मग आई ओव्याची पुरचुंडी गरम करून त्याची छाती शेकायची आणि मी कळशी घेऊन पाण्याला जायचे.

मला कधी काही झालं नाही. गोवर नाही, कांजिण्या नाहीत, साधा ताप नाही. त्यामुळे अंड्यातलं पिवळं त्याचं आणि पांढरं माझं. खेकड्याचं सार त्याचं, कवच चोखायला मी. वडील मी नववीत असताना गेले, तेव्हाही शेजारपाजारच्या बायका आधी त्याच्याभोवती गोळा झाल्या, की रडून रडून पोराला धाप लागेल. कोणी माझ्याबद्दल विचारलं तर आई म्हणायची, "हिका काय धाड भरता? दगड खाल्ल्यान तरी पचवतली." ती हे कौतुकानेच म्हणायची. मला मात्र एखाद्या दिवशी तरी आजारी पडावंसं वाटायचं. एकदा मुद्दाम ओल्या केसांनी बाहेर ओट्यावर झोपले. सकाळी ठणठणीत उठले आणि वर आईची बोलणी खाल्ली.

शाळेत माझा भूगोल चांगला होता. जुन्या बाजारातून आणलेला एक नकाशासंग्रह माझ्याकडे होता, निम्मी पानं सुटलेली. भावाला धाप लागली की त्याला आडवं होता यायचं नाही. तो भिंतीला टेकून बसायचा आणि मी त्याला बंदरांची नावं वाचून दाखवायचे. कोलंबो, एडन, पोर्ट सैद, रॉटरडॅम. नावं ऐकता ऐकता त्याचा श्वास सावकाश व्हायचा. मी म्हणायचे, "मी मोठी झाले की या सगळ्या ठिकाणी जाणार." तो मान हलवायचा. बोलायला त्याच्याकडे दम नसायचा.

आणि गेला मात्र तो.

आमचा मामा मालवाहू बोटींवर भंडारी होता, म्हणजे खलाशांचा मुख्य स्वयंपाकी. रजेवर आला की आमच्याकडे एक दिवस जेवायला यायचा. त्या वेळी भाऊ अठरा वर्षांचा, बारावीत एकदा नापास, अंगाने काडी. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं ती. गिरण्या बंद पडलेल्या, चाळीतली धडधाकट माणसंसुद्धा घरी बसलेली, मग अशा पोराला कोण ठेवणार? मामा जेवता जेवता म्हणाला, "हेका माझ्याबरोबर दी. समुद्राच्या वाऱ्यान दमो जाता. मी किती जणांचो गेलेलो बघलंय." आमच्या दवाखान्यातले डॉक्टरही म्हणाले, की वयानुसार दमा कमी होतोच आहे, कारखान्यांची धूळ सुटली तर कदाचित पुरता जाईल. बोटीसाठीच्या तपासणीत त्याची छाती साफ निघाली. मामाने ओळखीने त्याला एका बोटीवर मेस बॉय म्हणून लावून दिलं, अधिकाऱ्यांची ताटं वाढायला आणि भांडी घासायला. नऊ महिन्यांचा करार. महिन्याभरात मामाही आपल्या बोटीवर निघून गेला.

मी तेव्हा एकवीस वर्षांची. मुलुंडच्या एका औषध कंपनीत खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायचे. सकाळी साडेसातला आत, संध्याकाळी साडेचारला बाहेर. भाऊ गेला त्या दिवशी मी रजा काढली नाही. सगळ्यांना वाटलं, किती ही कामाची पोर! खरं म्हणजे मला त्याचं जाणं बघायचं नव्हतं. दिवसभर लेबलं तिरकी लागली. दात आहेत तिथे चणे नाहीत आणि चणे आहेत तिथे दात नाहीत, असं मनात घोळवत मी बाटल्या पुढे सरकवत होते. अख्खं जग ज्याला मी वाचून दाखवलं तो ते बघायला गेला आणि मी भांडुप ते मुलुंड.

आईला वाचता येत नव्हतं. सही करायची, तीही डाव्या बाजूने चढत जाणारी. त्यामुळे पत्रं मी वाचायची. दोन-तीन आठवड्यांनी परदेशी तिकिटाचं एक पाकीट यायचं. आई एका कारखान्याच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायची, ती माझ्याआधी घरी पोचायची. पाकीट देव्हाऱ्यात ठेवून माझी वाट बघत दारात बसायची. मला चप्पलसुद्धा काढू द्यायची नाही.

"वाच गो आधी. काय लिवल्यान तेना?"

पहिलं पत्र मी जसंच्या तसं वाचलं. पंधरा दिवस त्याला बोट लागली होती, पोटात पाणी ठरत नव्हतं. आई रडली. मला वाईट वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. दुसऱ्या पत्रात तो सावरला होता. तिसरं आलं ते रॉटरडॅमहून. त्यात लिहिलं होतं, की बिस्केच्या आखातात वादळ लागलं, भांड्यांची कपाटं उघडून ताटं जमिनीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत होती, तीन खलाशी आडवे पडले आणि कप्तानाला चहा नेऊन देणारा फक्त मी उभा होतो. बटाट्यांची पोती शीतघरातून मीच वर आणतो. रॉटरडॅमला एका खलाशाची सायकल घेऊन कालव्याच्या कडेने दहा-बारा मैल गेलो, मध्ये थांबावं लागलं नाही. आई, खोकला कुठे गेला कळतच नाही.

मी हे मोठ्याने वाचत होते आणि वाचता वाचता समोर आईचं तोंड बघत होते. असा चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. वडील असतानाही नाही. ती नुसती उजळत चालली होती, आणि तिला उजळवणारे शब्द माझ्या तोंडून जात होते. मी दिवसभर उभं राहून घरी आले होते. माझ्याकडे बघून तिचं तोंड कधी असं झालं होतं का? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सायकलपाशी मी थांबले. सायकल वाचलीच नाही. आणि शेवटी, ठरवून नाही, अगदी सहज, तोंडातून निघून गेलं: "थोडा खोकला आहे म्हणतोय. थंडीमुळे असेल."

आईचं तोंड तत्काळ पडलं. मग तिने माझा हात धरला. "आता काय करुचा गो? तेका कोण शेक दितला थय?"

मी तिला समजावलं. बोटीवर औषधं असतात, आमच्याच कंपनीचं असेल. त्या संध्याकाळी आम्ही दोघी बराच वेळ बोलत बसलो. तिने मला चहा करून दिला. मी काय म्हणते ते ती नीट ऐकत होती. असं आमचं दोघींचं कधी झालं नव्हतं. त्याच्या खोकल्याने लहानपणापासून माझी आई माझ्यापासून नेली होती. त्याच खोकल्याने ती आता मला परत मिळाली. म्हणून पुढच्या पत्रात मी खोकला थोडा वाढवला.

हे करायला अक्कल लागते असं नाही. रोज आठ तास मी त्या बाटल्यांवरची लक्षणं डोळ्यांसमोर बघत होते: कोरडा, कफाचा, उबळ येणारा. भावाने बर्फात चालल्याचं लिहिलं की मी बर्फ तसंच ठेवायचे आणि त्यात उबळ घालायचे. त्याने लिहिलं, झेंड्याची दोरी अडकली म्हणून डोलकाठीच्या शिडीवर अगदी वरपर्यंत चढलो, खाली बघितलं तर माणसं काडीपेटीएवढी. ते मी मनात वाचलं. आईला सांगितलं, शिडी चढताना छाती भरते म्हणतोय. आईची उत्तरंही मीच लिहायचे, ती खोकल्याबद्दल जे सांगायची ते गाळून.

तिसऱ्या खोट्या पत्रानंतर आई उठली, देव्हाऱ्यापुढे उभी राहिली आणि गावच्या देवीला बोलली. मी स्टोव्हला पंप मारत होते म्हणून पहिलं वाक्य ऐकलं नाही. दुसरं ऐकलं. "झीलाचो खोकलो जाईपर्यंत मासो तोंडात घालूचंय नाय."

ज्याने मालवणी बाई मासे खाताना पाहिली नाही त्याला हा नवस केवढा ते कळणार नाही. आमच्या घरी दिवाळीला नवं लुगडं नसलं तरी चालायचं, पण बुधवार-रविवारी सुके का होईना बोंबील हवेतच. आई काटा जिभेवर फिरवून असा साफ काढायची, की मांजराला द्यायलाही लाज वाटावी. तिने मासे सोडले, तेही फक्त स्वतःपुरते. बांगडे आणायची, साफ करायची, तिरफळं घालून तिखलं करायची आणि माझ्या ताटात वाढायची. स्वतः सोलकढी-भात घेऊन बसायची. मी म्हटलं, मीही नाही खाणार. तर म्हणाली, "तू कमावतंस. तू खा." आणि मी खाल्ले. घास घशाखाली उतरत नव्हता असं लिहिलं तर छान दिसेल, पण उतरत होता.

सहाव्या महिन्यात फोटो आला. रंगीत, पोस्टकार्डाएवढा. त्यात भाऊ, उघडा, अर्ध्या चड्डीत, बोटीच्या कठड्याला टेकून. खांद्यावर मनगटाएवढ्या जाडीच्या दोरखंडाचं वेटोळं. ज्या छातीच्या बरगड्या मी लहानपणी मोजल्या होत्या त्या दिसतच नव्हत्या. दंड भरलेले, अंग उन्हाने तांबूस झालेलं, आणि तोंड उघडं टाकून हसणं, मागे ब्राझीलचा कुठलासा हिरवा डोंगर. त्या दिवशी आई कँटीनमध्ये जास्तीच्या कामाला थांबली होती, म्हणून पाकीट पोस्टमनने माझ्या हातात दिलं. मी फोटो दोन्ही हातांत धरून खाटेवर बसले. माझा भाऊ देखणा झाला होता. चाळीत, कंपनीत, कुठेही असा मुलगा मी पाहिला नव्हता. मी फोटो माझ्या नकाशांच्या सुट्या पानांत सरकवला आणि पानं ट्रंकेच्या तळाशी घातली. आईला फक्त पत्र दिसलं.

आई वाळत चालली होती. जेवणाला चव नाही म्हणून दोन घास कमी, काळजीने झोप कमी. एका सकाळी नळावर भरलेली कळशी उचलताना तिला चक्कर आली. बायकांनी तिला धरून वर आणलं. घोटभर पाणी पिऊन तिने पहिला प्रश्न केला तो मला, "आज पत्र येतला काय गो?"

मी घाबरले. त्या दिवशी ठरवलं, बस झालं. पुढचं पत्र आलं ते मी अक्षर न् अक्षर खरं वाचलं. खोकला नाही, दमा नाही, वजन वाढलंय, जुने शर्ट घट्ट होतात. आईने शेवटपर्यंत ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली.

"माका बरा वाटूचा म्हणान लिवता तो. आता तेका समाजलां, आवस काळजी करता ती."

"अगं खरंच लिहिलंय त्याने! हे बघ."

कागद तिच्यापुढे धरून काय उपयोग? तिने त्याच्यावरून हात फिरवला. "तू पण तेचीच री ओढ," म्हणाली.

तेव्हाच उठून फोटो काढून दिला असता तर एका मिनिटात सगळं संपलं असतं. आजच आलाय, एवढं आणखी एक खोटं पुरलं असतं. तिला चक्कर आलेली मी बघितली होती, तिची पोलकी दंडावर ढिली होत चालली होती तेही बघत होते. तरी नाही काढला. पकडले जाईन ही भीती नव्हतीच. तो फोटो बघून तिचं तोंड कसं होईल ते मला ठाऊक होतं आणि मला ते बघवणार नव्हतं. इतकी वर्षं झाली, याहून चांगलं कारण मला सापडलेलं नाही.

नऊ महिने संपले आणि भाऊ आला. टॅक्सी उताराच्या पायथ्याशी थांबली. त्याने पत्र्याची पेटी खांद्यावर घेतली आणि चाळीच्या पायऱ्या पोरांशी बोलत बोलत चढला. पूर्वी या पायऱ्यांना तो तीनदा बसायचा. आईने त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याला आत घेतलं आणि सगळ्यांदेखत त्याच्या पाठीला कान लावला.

"काय ऐकतंस गो आये?"

"खोकलो खय गेलो?"

"कसलो खोकलो? पयल्याच महिन्यात गेलो. लिवलेलंय मी! फोटो नाय बघलंस?"

"खयचो फोटो?"

भावाने माझ्याकडे बघितलं. "पोचला नसेल," मी म्हणाले आणि चहा ठेवायला वळले.

जेवताना त्याला कळलं, आई मासे का खात नाही ते. त्याचा हात ताटातच राहिला. तिची मनगटं, गळ्याची हाडं, पिकलेले केस, सगळं त्याने पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघितलं. तिने सांगितलं, की पत्रं ऐकून त्याचा खोकला तिला पहिल्यापासून कळत होता. त्याने त्याचा अर्थ त्याच्या परीने लावला: आपण लांब गेलो की आईच्या मनाला भलतंच ऐकू येतं. भांडी घासायला तो माझ्याशेजारी बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, आई किती खंगली गं. मी नाही जात परत. इथेच बघतो काहीतरी."

मला हवं होतं ते मिळालं होतं. मी भांडी विसळत राहिले.

आठवड्याने मामा आला. तोही रजेवर परतला होता. भावासाठी निरोप आणला होता: त्याच बोटीच्या कंपनीने त्याला पुन्हा मागितलं होतं, या वेळी डेकवर, खलाशी म्हणून. पंधरा दिवसांत जायचं. भाऊ म्हणाला, नाही जात. खालच्या रंगाच्या कारखान्यात एक जागा आहे, सोमवारपासून या म्हणालेत. मामाने कपाळावर हात मारला. "रंगाच्या कारखान्यात? तू? पुन्हा ओव्याची पुरचुंडी घेऊन बसतलंस!" मुलगा राहतोय म्हणून आईला आनंद होता आणि कुठला कारखाना ते तिला कळत होतं.

त्याच दिवशी सकाळी मी केर काढत असताना भाऊ खोकला होता. दोनदाच. नऊ महिन्यांत पहिल्यांदा मी त्याचा खरा खोकला ऐकला. त्याने चटकन तोंडावर हात धरून आई कुठे आहे ते बघितलं होतं, आणि मी आहे हे बघून सोडून दिलं होतं.

मी ट्रंक उघडली. तळातली पानं काढली, त्यातून फोटो काढला आणि तिघांच्या मध्ये खाटेवर ठेवला.

"हा तीन महिन्यांपूर्वी आलाय," मी म्हणाले. "आणि खोकला त्याने कुठल्याच पत्रात लिहिलेला नव्हता. तो मी वाचला."

मामा म्हणाला, "काय बोलतंस गो तू?" मी पुन्हा सांगितलं. सायकलपासून सगळं.

भाऊ माझ्याकडे वळला. "पण का गं ताई?"

"तू गेलास म्हणून," मी म्हणाले. "मी नाही गेले म्हणून."

आईने फोटो उचलला. पदराने पुसला, खिडकीपाशी नेला आणि उजेडात धरून बघत राहिली. ते तोंड बघावं लागू नये म्हणून मी तीन महिने काढले होते. आता मी सगळं बघितलं. मला वाटलं होतं मारील. लहानपणी लाटण्याने मारायची. ती नुसती मामाकडे वळली आणि म्हणाली, "तेचा नाव घाल. जाऊ दी तेका."

गावी जाऊन नवस फेडायला वेळ नव्हता. आईने इथूनच देवीला नारळ ठेवला आणि दुपारी सुरमईचा एक तुकडा खाल्ला. भाऊ निघाला त्या दिवशी मी रजा काढली. टॅक्सीत बसताना तो मला म्हणाला, "ताई, पुढच्या पत्रात काय लिहू? थोडा खोकला टाकू का?" आणि हसला. त्याने मला तिथेच माफ करून टाकलं होतं. त्याला काय, त्याच्याकडे आता दम होता. आई हसली नाही.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. मी कामावरून आले तेव्हा आई नेहमीसारखी दारात बसली होती, पाकीट मांडीवर. मी चप्पल न काढताच हात पुढे केला. ती उठली, माझ्या हाताच्या बाजूने गेली आणि शेजारच्या खोलीच्या दारात उभं राहून पाचवीतल्या पोरीला हाक मारली. पोर परकराला हात पुसत आली, आमच्याच उंबऱ्यावर बसली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचू लागली. जोडाक्षर आलं की अडायची, मागे जायची, पुन्हा सुरू करायची. मी आत भिंतीला टेकून उभी होते. दोनदा माझ्या तोंडून शब्द निघणार होता.

"घाय करू नको गो बाय," आई तिला म्हणाली. "जसा हा तसाच वाच."

पोर वाचत होती आणि आई तिच्या तोंडाकडे बघत उजळत होती. भावाचा मला जन्मभर वाटला नाही एवढा हेवा मला त्या पोरीचा वाटला. पत्र संपलं तेव्हा आईने तिला ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं.